जुन्या घरगुती फिल्म डिजिटल करताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक विषय पुन्हा पुन्हा येतो. कपाटात किंवा माळ्यावर वडिलांनी अथवा आजोबांनी चित्रित केलेली फिल्मची रिळे सापडतात, आणि ती घरच्या घरी संगणकावर कशी आणावीत, असे वाचक विचारतात. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘कोणते यंत्र घ्यावे’ या प्रश्नाने होते. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतर यायला हवा, कारण हातातली फिल्म कोणती आहे आणि ती कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरल्याशिवाय यंत्राबद्दल सांगितलेले काहीच उपयोगाचे नसते. म्हणून पत्रांचा क्रम मी माझ्या सोयीने बदलला आहे.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत काही लहान आणि काही मोठी रिळे सापडली. काहींच्या मधले भोक लहान आहे, काहींचे मोठे. डब्यांवर काहीही लिहिलेले नाही. सोबत एक जुना प्रोजेक्टरही आहे. रिळांमध्ये काय आहे हे कळण्यासाठी ती एकदा प्रोजेक्टरवर लावून पाहावीत का?

उत्तर : इतक्यात लावू नयेत. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या प्रोजेक्टरचे रबरी पट्टे बहुधा चिकट होऊन वितळलेले असतात, फिल्म जिथून सरकते त्या गेटमध्ये जुन्या इमल्शनचे (फिल्मवरच्या चित्राच्या थराचे) कडक कण साठलेले असतात, आणि मध्येच फिल्म अडकली तर दिव्याच्या उष्णतेने समोरची फ्रेम काही क्षणांत फुगून वितळते. गेट मऊ ब्रशने आणि लाकडी काडीने स्वच्छ केल्याशिवाय (धातूची टोकदार वस्तू तिथे कधीही वापरू नये) आणि एखादी बिनकामाची फिल्म चालवून पाहिल्याशिवाय त्या प्रोजेक्टरवर घरची फिल्म चढवणे धोक्याचे आहे. रिळांत काय आहे हे कळण्यासाठी खिडकीचा उजेड आणि एक भिंग पुरेसे असते.

फिल्मचा प्रकार भोकावरून ओळखण्यापेक्षा फिल्मवरून ओळखावा. घरगुती चित्रणासाठी १६ मिलीमीटरची फिल्म कोडॅकने १९२३ मध्ये आणली, ८ मिलीमीटरची १९३२ मध्ये आणि सुपर ८ ही १९६५ मध्ये. शेवटच्या दोन्हींची रुंदी सारखीच, ८ मिलीमीटर असते, म्हणून गोंधळ तिथेच होतो. जुन्या ८ मिलीमीटरच्या, म्हणजे रेग्युलर ८ च्या फिल्मवर छिद्रे मोठी असतात आणि ती दोन फ्रेमच्या मधल्या रेषेजवळ येतात. सुपर ८ ची छिद्रे लहान असतात आणि ती फ्रेमच्या मध्याच्या बाजूला असतात. छिद्रे लहान केल्याने वाचलेली जागा चित्राला मिळाली, त्यामुळे सुपर ८ च्या फ्रेमचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट झाले. एका प्रकारच्या गेटमध्ये दुसऱ्या प्रकारची फिल्म घातली तर फिल्म पुढे ओढणारा पंजा छिद्रात न जाता फिल्मच फाडतो. रेग्युलर ८ च्या रिळाचे भोक लहान आणि सुपर ८ चे मोठे असते हे खरे असले, तरी घरोघरी लोक हाताशी असेल त्या रिळावर फिल्म गुंडाळत, त्यामुळे तेवढ्या खुणेवर विसंबून राहू नये. छिद्रे कडेला नसून दोन फ्रेमच्या बरोबर मधोमध असतील, तर ती १९२२ मध्ये पाथे कंपनीने आणलेली ९.५ मिलीमीटरची फिल्म होय, आणि तिच्यासाठी घरगुती यंत्रे जवळजवळ मिळत नाहीत.

पेटीत एखादी १६ मिलीमीटर रुंदीची फिल्म अशी सापडेल की तिच्यावर चित्रांच्या दोन ओळी शेजारी शेजारी आहेत आणि त्यांतली एक ओळ उलटी आहे. ही बिघडलेली फिल्म समजून बाजूला टाकू नये. रेग्युलर ८ ची फिल्म कॅमेऱ्यात १६ मिलीमीटर रुंदीचीच भरली जात असे. अर्धी बाजू चित्रित झाली की रीळ उलटून दुसरी अर्धी बाजू चित्रित करायची, आणि प्रयोगशाळा धुलाईनंतर ती मधोमध कापून दोन तुकडे जोडून देत असे. आपल्या हातातली फिल्म फक्त कापायची राहून गेलेली असते. अशी फिल्म स्वतः कापू नये. पूर्ण रुंदीने स्कॅन करून घ्यावी आणि दोन ओळी संगणकावर वेगळ्या कराव्यात.

फिल्मच्या कडेला भिंगाखाली वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हे दिसली, तर तो कोडॅकचा उत्पादनवर्षाचा संकेत असतो. चिन्हांचा क्रम वीस वर्षांनी पुन्हा येतो, म्हणून उत्तर एकच निघत नाही; परंतु चित्रातली माणसे आणि कपडे पाहून दोनपैकी एक वर्ष सहज निवडता येते. ते फिल्म तयार झाल्याचे वर्ष असते आणि चित्रण त्यानंतर केव्हाही झालेले असू शकते, एवढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : एक डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. जुन्या फिल्म पेट घेतात असे ऐकले आहे. ही फिल्म घरात ठेवणे धोक्याचे आहे का? तिचे डिजिटल रूपांतर अजून होईल का?

उत्तर : पेट घेणारी फिल्म ती नायट्रेटची. ती मुख्यतः चित्रपटगृहांसाठीच्या ३५ मिलीमीटर रुंदीत वापरली जात असे. ८ आणि १६ मिलीमीटरची घरगुती फिल्म सुरुवातीपासून ‘सेफ्टी’ म्हणजे ॲसिटेटच्या पट्टीवर बनवली गेली, कारण ती घरात हाताळली जाणार हे उघड होते. तेव्हा आगीची चिंता नको. वासाची मात्र करावी.

उष्णता आणि दमटपणा यांमुळे ॲसिटेटचे विघटन सुरू होते आणि त्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, बाहेर पडते. हे आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते, म्हणून वास एकदा येऊ लागला की प्रक्रिया थांबत नाही, फक्त मंद करता येते. झाकण घट्ट लावून ठेवलेल्या डब्यात वाफ कोंडते आणि नुकसान लवकर होते. आंबट वासाची रिळे इतर रिळांपासून दूर ठेवावीत, डबा थोडा उघडा किंवा छिद्रांचा असावा, आणि डिजिटल करण्याच्या क्रमात ही रिळे सर्वांत आधी घ्यावीत. वासाची सवय नाकाला लवकर होते, त्यामुळे अंदाज चुकतो. अभिलेखागारांत आम्लानुसार निळ्याची हिरवी आणि मग पिवळी होणारी कागदी पट्टी डब्यात ठेवतात, ती विकतही मिळते.

विघटनाबरोबर फिल्म आकसते, आणि घरगुती यंत्रांचा प्रश्न इथेच येतो. आकसलेल्या फिल्मची छिद्रे फिल्म सरकवणाऱ्या दात्यांशी जुळत नाहीत. मोजायची एक सोपी रीत आहे. त्याच प्रकारच्या नव्या छिद्रयुक्त लीडरचा (फिल्मच्या टोकांना जोडायच्या कोऱ्या पट्टीचा) तुकडा जुन्या फिल्मशेजारी टेबलावर सपाट ठेवावा, पहिली छिद्रे एकमेकांसमोर आणावीत आणि शंभर छिद्रे मोजत जावे. शंभराव्या छिद्राशी जुनी फिल्म पूर्ण एका छिद्राने मागे पडली असेल, तर ती एक टक्का आकसली आहे. एक टक्क्याच्या जवळ गेलेली फिल्म दात्यांच्या प्रोजेक्टरवर चढवू नये. त्यापुढच्या अवस्थेत, म्हणजे फिल्म लाटेसारखी वळलेली, वाकवताच मोडणारी किंवा पांढरट पावडर आलेली असेल, तर घरी काहीही न करता ती व्यावसायिक प्रयोगशाळेकडे द्यावी. तिथे दात्यांऐवजी गुळगुळीत रोलरवर फिल्म नेणारे स्कॅनर असतात आणि ते छिद्रांवर अवलंबून नसतात. वळलेली फिल्म हाताने ताणून सरळ करण्याचा मोह आवरावा.

काही रिळांना हा रोग होतच नाही. फुजीची सिंगल ८ ही फिल्म पॉलिएस्टरची असे. पॉलिएस्टर ओळखण्यासाठी गुंडाळलेले रीळ दिव्यासमोर आडवे धरावे: पॉलिएस्टरच्या गुंडाळीतून उजेड आरपार झिरपताना दिसतो, ॲसिटेटची गुंडाळी अपारदर्शक, तपकिरी दिसते. पॉलिएस्टर सहजासहजी तुटत नाही, म्हणून यंत्रात ती अडकली तर फिल्मऐवजी यंत्राचा भाग मोडतो. तिचे जोडही फिल्म सिमेंटने (फिल्म जोडण्याच्या द्रावणाने) बसत नाहीत, टेपनेच करावे लागतात.

प्रश्न : रिळांवर धूळ आणि काही ठिकाणी पांढरी बुरशी दिसते. ओल्या फडक्याने पुसली तर चालेल का? जुने जोडही सुटत आहेत.

उत्तर : पाणी मुळीच लावू नये. चित्राचा थर जिलेटिनचा असतो, तो पाण्याने फुगतो आणि मऊ होतो. बुरशीने आधीच पोखरलेले जिलेटिन तर पुसताना चित्रासकट निघून येते. बुरशीची फिल्म आधी कोरड्या, हवेशीर जागी काही दिवस ठेवावी, मग नाकातोंडावर मास्क लावून घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने वरवरची बुरशी झटकावी. डिजिटल करताना दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग हे बुरशीने खाल्लेले जिलेटिन असते. ते साफ होत नाहीत.

केवळ धूळ आणि बोटांचे ठसे असतील, तर धागे न सोडणारे मऊ कापड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओले करून, त्याच्या घडीतून फिल्म सावकाश ओढावी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के द्रावणात पाणी असते, ते वापरू नये. आधी सुरुवातीच्या रिकाम्या तुकड्यावर प्रयोग करावा. कापडाची जागा वारंवार बदलावी, नाहीतर उचललेली धूळच फिल्मवर घासली जाऊन लांबच लांब ओरखडे पडतात. फिल्म पूर्ण कोरडी झाल्यावरच गुंडाळावी. खोली हवेशीर असावी आणि जवळपास ज्योत नसावी. फिल्मच्या कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी असेल, तर ओल्या साफसफाईच्या वाटेला न जाणे बरे. काही द्रावके ती पट्टी सोडवतात.

जोडांबद्दल थोडक्यात सांगतो. सुटलेला जोड त्याच प्रकारच्या फिल्मसाठी बनवलेल्या छिद्रयुक्त टेपने आणि छोट्या स्प्लायसरवर (जोड करण्याच्या साच्यावर) नव्याने करावा. घरातली चिकटपट्टी लावू नये, तिचा गोंद पुढे पाझरतो आणि शेजारची वेढी चिकटवतो. प्रत्येक रिळाला सुरुवातीला आणि शेवटी चार-पाच फूट नवा लीडर जोडावा. यंत्रात फिल्म ओवताना जे काही हाल होतात, ते मग त्या कोऱ्या पट्टीचे होतात. उलटे गुंडाळताना सैल वेढी ताणून घट्ट करू नयेत, कारण वेढ्यांमधली धूळ त्या एका हिसक्यात चित्रावर ओढली जाते.

प्रश्न : आमचा प्रोजेक्टर दुरुस्त होऊन चालू झाला आहे. फिल्म भिंतीवर दाखवून मोबाइलने चित्रित केली, पण चित्र सारखे लुकलुकते आणि काळे पट्टे फिरतात. उपाय आहे का?

उत्तर : उपाय आहे, आणि तो गणिताचा आहे. प्रोजेक्टरमधले शटर फिल्म सरकत असताना प्रकाश अडवते, आणि डोळ्याला लुकलुक जाणवू नये म्हणून एकाच फ्रेमवर तीनदा प्रकाश पाडते. सुपर ८ ची नेहमीची गती सेकंदाला १८ फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला ५४ झोत पडतात. कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे घेतो. ही दोन चक्रे जुळत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याच्या एका चित्रात जास्त प्रकाश येतो आणि दुसऱ्यात कमी.

प्रोजेक्टरला गती कमीजास्त करण्याची सोय असेल, तर ती अशी ठेवावी की झोतांची संख्या कॅमेऱ्याच्या पटीत बसेल. गती सेकंदाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फ्रेम ठेवली, तर तीन पात्यांच्या शटरमुळे बरोबर ५० झोत होतात. मग कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवावे. कॅमेऱ्यात ३० चित्रांचीच सोय असेल, तर प्रोजेक्टर २० फ्रेमवर चालवावा, ६० झोत होतील, आणि शटर १/६० ठेवावे. गती नेमकी मोजायची गरज नसते; कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत गतीचे बटण अगदी सावकाश फिरवावे, लुकलुक मंदावत जाते आणि एका बिंदूवर थांबते. नंतर संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ गती परत आणावी: १६ पूर्णांक दोन तृतीयांशवर घेतलेली १८ ची फिल्म १०८ टक्के वेगाने चालवावी, १६ फ्रेमवर चित्रित झालेली रेग्युलर ८ ची फिल्म ९६ टक्के वेगाने.

मोबाइलमध्ये शटर, प्रकाश, फोकस आणि रंगसंतुलन हाताने ठरवून कायम करता येईल असे ॲप वापरावे. या चारपैकी एकही गोष्ट स्वयंचलित राहिली, तर प्रत्येक दृश्यबदलाला चित्र श्वास घेतल्यासारखे उजळते आणि मंदावते. चकचकीत पडद्याऐवजी खरखरीत पांढरा, चकाकी नसलेला जाड कागद घ्यावा आणि चित्र वीतभर रुंदीचेच पाडावे. लहान चित्र अधिक उजळ आणि अधिक रेखीव मिळते. कॅमेरा प्रोजेक्टरच्या भिंगाला जितका खेटून ठेवता येईल तितका ठेवावा, म्हणजे चित्र तिरके होत नाही.

एवढे करूनही या पद्धतीची मर्यादा राहतेच. दोन गती वेगळ्या असल्यामुळे कॅमेऱ्याच्या कित्येक चित्रांत फिल्मच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या नंतर वेगळ्या करता येत नाहीत. भिंतीवरचे चित्रण नातेवाइकांना रिळात काय आहे ते दाखवण्यासाठी उत्तम आहे. कायमची प्रत म्हणून मी ते धरणार नाही.

प्रश्न : बाजारात मिळणारे छोटे फिल्म स्कॅनर घ्यावे, की माहितीच्या एखाद्या जाणकाराकडून प्रोजेक्टर आणि कॅमेरा जोडून यंत्र बनवून घ्यावे? दोन्हींत फरक किती पडतो?

उत्तर : दोन्ही यंत्रे एकेक फ्रेम थांबवून तिचा फोटो घेतात, त्यामुळे लुकलुक आणि मिसळलेल्या फ्रेम हे दोन्ही दोष मुळातच उरत नाहीत. फरक पडतो तो फोटोच्या दर्जात.

तयार घरगुती स्कॅनर साधारणपणे सेकंदाला दोन फ्रेम घेतात. सुपर ८ च्या एका फुटात ७२ फ्रेम असतात, म्हणून ५० फुटांच्या रिळात ३,६००. पडद्यावर जे रीळ ३ मिनिटे २० सेकंदांत संपते, त्याला यंत्रावर अर्धा तास लागतो. अनेक लहान रिळे जोडून केलेले ४०० फुटांचे रीळ असेल, तर चार तास. तेवढा वेळ यंत्र एकटे सोडून जाऊ नये, कारण एखाद्या कमजोर जोडाशी फिल्म अडकली तर यंत्र त्याच फ्रेमचे शेकडो फोटो काढत बसते. पुरवठ्याच्या रिळावरून येणारी फिल्म ताणलेली असली की चित्र वरखाली थरथरते, म्हणून मध्ये एक सैल वळसा राहील असे पाहावे.

या स्कॅनरांचे दोन खरे दोष आहेत. ते चित्र खूप दाबून साठवतात आणि त्यावर कृत्रिम धार चढवतात, त्यामुळे फिल्मचे कण शेवाळासारखे गिचमिड दिसू लागतात. धार कमी करण्याचा पर्याय असेल तर तो सर्वांत खाली ठेवावा. दुसरे असे की प्रकाशाचे प्रमाण यंत्र स्वतः ठरवते, आणि बर्फ, समुद्रकिनारा किंवा खिडकीसमोर बसलेला माणूस अशा दृश्यांत उजळ भाग पांढरेफटक होऊन जातात. जे एकदा पांढरेफटक झाले, ते नंतर परत मिळत नाही, म्हणून शक्य असल्यास प्रकाश अर्ध्या पायरीने कमी ठेवावा. शिवाय बरीच यंत्रे फाइल सेकंदाला २० फ्रेमच्या गतीने लिहितात, त्यामुळे माणसे घाईत चालल्यासारखी वाटतात. सॉफ्टवेअरला ही फाइल सेकंदाला १८, किंवा जुन्या ८ मिलीमीटरसाठी १६, फ्रेमची समजायला सांगावे. २४ किंवा ३० पर्यंत नेण्यासाठी मधल्या फ्रेम बनवणारी सोय वापरू नये. मूळ फ्रेम जशाच्या तशा आणि तितक्याच राहाव्यात.

स्वतः बनवलेल्या यंत्रात प्रोजेक्टरचा दिवा काढून पांढरा एलईडी बसवतात आणि त्यापुढे दुधी काच ठेवतात. पसरट प्रकाशात बारीक ओरखडे बरेच झाकले जातात. एलईडीचा रंगनिर्देशांक (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे माप) ९५ च्या पुढचा असावा. शटरची पाती काढून टाकतात, मोटर बदलून मंद गतीची बसवतात आणि प्रत्येक फेरीला एक छोटा स्विच कॅमेऱ्याला इशारा देतो. गेटची चौकट कानशीने थोडी मोठी करून कडा गुळगुळीत केल्या, तर छिद्रासह पूर्ण फ्रेम दिसते, आणि छिद्र धरून सॉफ्टवेअरमध्ये चित्र स्थिर करता येते. ही सोय तयार यंत्रांत सहसा नसते आणि निकालात तिचा फरक चटकन दिसतो.

कॅमेऱ्याच्या निवडीत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सुपर ८ ची फ्रेम जेमतेम ५.८ मिलीमीटर रुंद असते. नेहमीच्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २३ मिलीमीटर रुंद असतो, म्हणजे चित्र चौपट मोठे करावे लागते, आणि तेवढी मॅक्रो लेन्स दुर्मीळ असते. लेन्स उलटी लावून आणि नळ्या जोडून ते जमवावे लागते. याउलट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी २०२० मध्ये आलेल्या ‘हाय क्वालिटी’ कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ६.३ मिलीमीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ फ्रेमएवढाच, त्यामुळे फोटो एनलार्जरची साधी लेन्सही चांगले काम देते. डीएसएलआर वापरायचाच असेल, तर इलेक्ट्रॉनिक शटर असलेला घ्यावा. यांत्रिक शटरचे आयुष्य लाख-दोन लाख फोटोंचे असते, आणि पन्नास फुटांची तीस रिळे म्हणजेच १,०८,००० फोटो.

माझे मत विचाराल तर ते असे आहे. फिल्म निरोगी असेल आणि उद्देश घरच्यांनी पाहण्याचा असेल, तर तयार स्कॅनर पुरेसा आहे, त्याबद्दल कमीपणा मानू नये. यंत्र बनवणे हा वेगळाच छंद आहे. तो आवडत असेल त्याने जरूर करावा, वेळ वाचेल या आशेने मात्र करू नये. आणि सगळ्या पेटीतली जी दोन-तीन रिळे खरोखर अमूल्य आहेत, उदाहरणार्थ ज्या व्यक्तीचे दुसरे कोणतेही चलचित्र नाही ती, ती व्यावसायिक प्रयोगशाळेकडे द्यावीत.

प्रश्न : काही रिळांत सगळेच लालसर गुलाबी दिसते, तर त्याच काळातल्या दुसऱ्या रिळांचे रंग ताजे आहेत. असे का?

उत्तर : ताजे रंग बहुधा कोडाक्रोमचे असतील. रंगीत फिल्ममध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. कोडाक्रोमची रंगद्रव्ये अंधारात ठेवल्यास विलक्षण टिकतात. इतर बऱ्याच जुन्या फिल्ममध्ये निळसर आणि पिवळे द्रव्य आधी उडते आणि किरमिजी तेवढे मागे राहते. (कोडाक्रोम धुण्याची प्रक्रिया जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेत २०१० च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा न धुतलेले रीळ सापडले तर त्यातून रंगीत चित्र मिळण्याची आशा धरू नये.) फिकट रंग डिजिटल करताना दुरुस्त करू नयेत. स्कॅन तटस्थ घ्यावे आणि लाल, हिरवा, निळा हे तीन भाग संगणकावर वेगवेगळे ताणावेत. दाबून साठवलेल्या ८ बिटच्या, म्हणजे कमी रंगछटांच्या, फाइलमध्ये असे ताणले की आकाशात पट्टे उमटतात, म्हणून रंग उडालेली रिळे जास्त बिटमध्ये घेणे फायद्याचे ठरते. सपाट स्कॅनरमधली अवरक्त किरणांनी धूळ काढण्याची सोय कोडाक्रोमवर आणि कृष्णधवल फिल्मवर नीट चालत नाही. ती बंद ठेवावी.

प्रश्न : एका सुपर ८ रिळावर आवाजही आहे. स्कॅनर तर आवाज घेत नाही. आणि घेतला तरी तो चित्राशी जुळेल का?

उत्तर : आवाजाची सुपर ८ फिल्म १९७३ मध्ये आली. आवाज कडेच्या चुंबकीय पट्टीवर असतो, आणि दुसऱ्या कडेची अरुंद पट्टी बहुतेक वेळा फक्त गुंडाळी समतोल राहावी म्हणून असते. घरगुती स्कॅनर बहुधा आवाज वाचत नाहीत. त्यासाठी आवाजाचा प्रोजेक्टर लागतो. त्याच्या बाहेर जाणाऱ्या जोडणीतून तार संगणकाला लावून आवाज स्वतंत्र ध्वनिमुद्रित करावा. ध्वनिशीर्ष आधी आयसोप्रोपिलने पुसून घ्यावे.

फिल्मवर आवाज त्याच्या चित्राच्या १८ फ्रेम पुढे नोंदलेला असतो, कारण गेटमध्ये फिल्म थांबत थांबत सरकते आणि ध्वनिशीर्षाला ती एकसारखी वाहती लागते. प्रोजेक्टर हा फरक आपोआप भरून काढतो, पण फिल्म कापून जोडली असेल तिथे नवे दृश्य सुरू झाल्यावरही सेकंदभर आधीच्या दृश्याचा आवाज ऐकू येत राहतो. हा दोष आपल्या मुद्रणाचा नसतो. प्रोजेक्टरची गती कधीच अचूक १८ नसते, म्हणून आवाज आणि चित्र सुरुवातीला जुळवले तरी शेवटी सरकलेले आढळतात. रिळाच्या दोन टोकांना टाळी, दार आपटणे अशा खुणा शोधून मधला आवाज त्या मापात ताणावा. चुंबकीय पट्टीतला लोहाचा अंश ॲसिटेटच्या विघटनाला मदत करतो, म्हणून आवाजाची रिळे क्रमात पुढे घ्यावीत.

प्रश्न : सगळे डिजिटल झाल्यावर मूळ रिळे टाकून दिली तर चालतील का? घरात जागा नाही. फाइल कोणत्या प्रकारात ठेवाव्यात?

उत्तर : टाकू नयेत. आज घरी घेतलेले स्कॅन हे आजच्या यंत्राने केलेले आहे आणि उद्या त्याहून चांगले यंत्र मिळेल. फिल्म असेल तरच ते वापरता येईल. थंड, कोरड्या जागी, ३० ते ५० टक्के आर्द्रतेत, नीट ठेवलेली फिल्म कित्येक दशके टिकते, हार्ड डिस्कबद्दल तसे म्हणता येत नाही. माळा आणि तळघर या दोन्ही जागा वाईट. घराच्या मधल्या खोलीतले कपाट त्यातल्या त्यात बरे. रबर बँड आणि कागदाच्या चिठ्ठ्या डब्यातून काढाव्यात, मात्र चिठ्ठ्या आणि डब्यावरचा मजकूर यांचे फोटो काढून रिळाच्या क्रमांकासह जपावेत. पुष्कळदा तारखेचा तेवढाच पुरावा उरतो.

फाइल दोन प्रकारच्या ठेवाव्यात. पाहण्यासाठी एमपी४: सेकंदाला २० मेगाबिट ठेवले तर एका सुपर ८ रिळाची फाइल साधारण ५०० मेगाबाइट होते. जपून ठेवण्यासाठी मात्र कमी दाबलेली किंवा काहीही न गमावणारी मूळ फाइल हवी. प्रत्येक फ्रेम १६ बिट टिफमध्ये (न दाबलेल्या चित्रफाइलमध्ये) २०४८ गुणिले १५३६ बिंदूंची घेतली, तर एका रिळाचे सुमारे ६८ गिगाबाइट होतात, जे बहुतेकांना झेपणार नाही. एफएफव्ही१ हा काहीही न गमावणारा, सर्वांना खुला प्रकार आहे, २०२१ मध्ये त्याचे अधिकृत मानकही प्रसिद्ध झाले, आणि मोफत मिळणाऱ्या एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने त्यात रूपांतर करता येते. प्रोरेस हा कमी दाबणारा प्रकारही चालेल. तयार स्कॅनरने मूळ फाइलच दाबलेली दिली असेल, तर ती तशीच, संपादन न करता जपावी. तिचे मोठ्या प्रकारात रूपांतर करून काही मिळत नाही. प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात.

प्रश्न : स्कॅन केलेल्या चित्रात दुकानाची पाटी उलटी दिसते आहे. फिल्म खराब झाली का?

उत्तर : नाही, ती उलट्या बाजूने ओवली गेली आहे. फिल्मची एक बाजू चकचकीत आणि दुसरी, इमल्शनची, किंचित मंद असते. रीळ योग्य बाजूने पुन्हा ओवण्याचीही आवश्यकता नाही, सॉफ्टवेअरमध्ये चित्र आडवे उलटवले की पुरे. मात्र फोकस इमल्शनच्या थरावर, म्हणजे चित्राच्या कणांवर, बसला होता की पट्टीच्या दुसऱ्या पृष्ठभागावर, हे पाटीवरची अक्षरे पूर्ण मोठी करून एकदा तपासावे. कण स्पष्ट दिसत नसतील तर ते रीळ पुन्हा स्कॅन करावे.